माननीय साहेब घाला वर

सुचो न सुचो, रोज ठरल्या वेळी लिहायला बसायचं, हे व्रत मी घेतलंय. घरात कुकर आणि बेल, म्हणून पहाटे रंकाळ्याच्या कट्ट्यावर, संध्यामठ दिसेल असा बसतो. मोबाईल घरी. आज एक वाक्य जुळत आलं होतं, तेवढ्यात पुढ्यात कानटोपी उभी राहिली. मिशीला गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाचा फेस अजून तसाच.

"काय लिवायलायसा?"

"काही नाही, असंच."

"असंच कोण लिवतंय? सर्व्हे हाय काय?"

"नाही ओ. कथा आहे."

"कुणाची?"

"ते अजून ठरलं नाही."

"मग आमची लिवा. गल्लीतला दिवा गणपतीपास्नं बंद हाय."

आणि तात्या शेजारी टेकलेच. "वर 'माननीय साहेब' घाला. कुठलं साहेब, ते मागनं बघू." मी लिहिलं. भल्या पहाटे असल्या मिशीला नाही म्हणून दाखवा कुणी. मध्येच त्यांनी वही ओढून 'विनंती'तल्या 'वि'वर बोट ठेवलं. "ही दीर्घ पायजे. दमदार वाटतंय." ती ऱ्हस्वच असते हो! तरी केली.

या गावात तालमीत जोर-बैठका मारणाऱ्याला कुणी 'रिकामा हाईस काय' विचारत नाही, उलट खुराक विचारतात. गाण्याचा रियाजही चालतो. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं ते याच गावच्या शाहू महाराजांनी. लिहिणारा मात्र पाण्याकडं बघत बसला, की याचं घरी भांडण झालंय असं ठरतं. अबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठी राहून चित्रं काढायचे. त्यांना कुणी 'आमची म्हस काढा की जरा' म्हणालं असेल काय? म्हणालं असणार. अहो, नुसतं बघत बसणं हेच निम्मं काम असतं. हे घरी बोललो, तर हातात भाजीची पिशवी आली.

अर्ज संपला. तात्यांनी खाली झोकदार सही ठोकली आणि पान टर्रकन फाडलं.

"अहो, मागच्या बाजूला माझं..."

"असू दे की. साहेब पुढचं वाचंना झालाय, मागचं कुठलं वाचतोय!"

पानाची घडी खिशात गेली, माझ्या वाक्यासकट. आणि पेन? तेही गेलं.

"हितंच बसा उद्या," लांबून हाक आली. "पावण्याला आणतो. त्येच्या सात-बाऱ्याचा घोळ हाय."