२३ किलोचं धनुष्य

आमच्या गॅरेजमध्ये पाय ठेवणारा प्रत्येक मराठी माणूस शिकंज्यात अडकवलेलं ते लांबलचक लाकूड बघतो आणि विचारतो, "विकत मिळत नाही का?"

मिळतं. अमेरिकेत आमच्या पेनसिल्वेनिया राज्यात शिकारीच्या सामानाच्या दुकानात धनुष्यांची अख्खी भिंत असते. मिसूरीच्या हॉलेस ॲलन या गृहस्थांना १९६९ साली चाकांच्या धनुष्याचं पेटंट मिळालं. त्यात दोरी पूर्ण ओढली की जोर उलट कमी लागतो आणि माणूस निवांत नेम धरू शकतो. तसलं घेतलं असतं तर शनिवारी दुपारी मी झोपलो असतो.

पण आमच्या परसात हरीण येतं. पांढऱ्या शेपटीचं हरीण हा १९५९ पासून या राज्याचा अधिकृत प्राणी, त्यामुळे त्याच्या चालण्यात एक सरकारी ऐट आहे. आधी त्याने मेथी खाल्ली, मग मिरचीची रोपं. आम्ही गप्प बसलो. मग त्याने कढीपत्ता खाल्ला. ज्या कुंडीला हिवाळाभर ऊन मिळावं म्हणून दिवाणखान्यातला सोफा सरकवून आम्ही भिंतीकडे तोंड करून चहा पितो, ती कुंडी. युद्ध त्या दिवशी पुकारलं गेलं.

शेजारचे आजोबा निवृत्त सुतार आहेत आणि जुने शिकारी. ते म्हणाले, "बंदुकीत काय मजा? लाकडाच्या धनुष्याने मारायचं तर वीस यार्डांच्या आत जावं लागतं." म्हटलं, ते तर पाच फुटांवर उभं राहून माझ्या डोळ्यांत डोळे घालून मेथी खातं. आजोबांनी यावर विचार केला आणि म्हणाले, "मग हिकरी आण. हिकरी नवशिक्याला सांभाळून घेते."

हिकरी म्हणजे इथल्या पूर्वेकडच्या जंगलातलं चिवट लाकूड. कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे याचेच. पेकन हा अक्रोडासारखा सुकामेवा ज्याला लागतो ते झाडही याच कुळातलं. अँड्र्यू जॅक्सन हे राष्ट्राध्यक्ष इतके चिवट होते की सैनिकांनी त्यांना 'ओल्ड हिकरी' म्हणायला सुरुवात केली. अशा राष्ट्राध्यक्षाला मी कानशीने घासणार होतो.

वखारीत गेलो. एक इंची फळीला तिथे 'फोर क्वार्टर' म्हणतात. सरळ 'एक इंच' म्हणायला वखारवाल्यांची जीभ जगात कुठेच वळत नसावी. भाव बोर्ड फुटावर, म्हणजे १४४ घन इंचांना. पण खरा छळ पुढे आहे. फळीवरच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. एखादी मध्येच कडेबाहेर निसटली, की धनुष्य नेमकं तिथे फाटणार. फळी आडवी करून कडेवरच्या रेषाही तपासायच्या. मी ढिगातली एकेक फळी उचलून, एक डोळा मिटून बघत होतो. तिथला पोरगा आला. "काय करताय? कपाट?"

"धनुष्य."

त्याने मागे वळून कुणालातरी हाक मारली. थोड्या वेळाने त्या ढिगाभोवती एक डोळा मिटलेली पाच माणसं उभी होती आणि प्रत्येकाला वेगळी फळी पसंत होती. आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाच्या मेन्यूवरही एवढा वाद होत नाही. शेवटी जी फळी मी सगळ्यात आधी बाजूला ठेवली होती तीच सर्वानुमते मंजूर झाली.

आराखडा सोपा होता. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं, की इंग्रजी पद्धतीच्या गोलसर धनुष्यापेक्षा चपटं, आयताकृती छेदाचं धनुष्य बरं. म्हणून लांबी ६८ इंच, रुंदी दीड इंच, अर्ध्या बाहूपासून (बाहू म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग) पुढे निमुळती होत टोकाला अर्धा इंच. मुठीला सरसाने जादा ठोकळा चिकटवला. कागदावर दिसत होतं अगदी सुबक.

मग टिलरिंग. म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडे असते त्या बाजूने, लाकूड खरवडत राहायचं. भिंतीला खुंटी, खाली कप्पी, कप्पीतून दोरी, दोरीला काटा. मी लांब उभा राहून दोरी ओढायची आणि कुठला बाहू आडमुठेपणा करतो ते बघायचं. काटा कुठला? भारतात जाताना बॅगा तोलायचा, तोच. शिकारीला जोर हवा म्हणून मी ठरवलं होतं ५० पौंड, आणि ५० पौंड म्हणजे विमानात चालणारी २३ किलोची बॅग. २८ इंच ओढली की एक बॅग.

डावा बाहू ताठ होता. खरवडला. आता उजवा ताठ. तो खरवडला. दोन मांजरांच्या लोण्याचा निवाडा करणारं माकड शेवटी लोणी तरी खातं. माझ्या हाती फक्त भुसा. शिवाय निसर्गाचा नियम असा, की ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. जाडी १० टक्के उतरवली की ताकद २७ टक्के गेली. काटा ५० वरून ४६ वर आला, मग ४३ वर. बायको दारात येऊन म्हणाली, "एवढं खरवडतोच आहेस तर एक लाटणं कर." आजोबा रोज पिशवी घेऊन यायचे. मला वाटलं, मार्गदर्शनाला. त्यांना हिकरीचा भुसा हवा होता, मांसाला धुरी द्यायला.

आईचा व्हिडिओ कॉल आला. दोरीवर ताणलेलं धनुष्य आणि माझा चेहरा बघून ती म्हणाली, "रामाने मोडलं तेव्हा निदान लग्न तरी व्हायचं होतं. तुझं झालंय ना?"

मोडलं मात्र नाही. हिकरी सहसा मोडत नाही, ती रुसते. हवेतला दमटपणा पिते आणि वाकवली की थोडी वाकलेलीच राहते. इथला जुलै इतका दमट, की दोरी उतरवल्यावरही धनुष्य नमस्कार करून उभं. मग सुकवायला खोक्यात बल्ब लावून त्याला त्यात झोपवायचं. एवढं लाड करून घेणारं दुसरं लाकूड नसेल.

अखेर ते ३८ पौंडांवर थांबलं. राज्याच्या नियमाप्रमाणे हरणासाठी किमान ३५ लागतात, म्हणजे मी तीन पौंडांनी कायदेशीर होतो. मग पुढचा नियम वाचला: कुठल्याही राहत्या घराच्या ५० यार्डांच्या आत, घरातल्यांच्या परवानगीशिवाय धनुष्याने शिकार करायची नाही. आमच्या परसापासून ५० यार्डांत चार घरं येतात. त्यातल्या एका घरातल्या बाईंनी त्या हरणाचं नाव ठेवलंय आणि त्या त्याला सफरचंद घालतात.

डिसेंबरात भारतात निघालो. घरी काट्यावर बॅग ४९ भरली होती. विमानतळावर ५३ निघाली. काउंटरवरची मुलगी जादा वजनाची रक्कम सांगत होती, बायको जमिनीवर उकिडवी बसून बदामाची पाकिटं आणि चॉकलेटं खांद्यावरच्या पिशवीत कोंबत होती आणि मागची रांग उसासे टाकत होती.

"अरे, बघत काय उभा राहिलास? हे धर!"

"थांब," मी म्हणालो. "काटा कमी दाखवतोय." आणि तिथेच बोर्डिंग पासच्या मागे त्रैराशिक मांडलं. ४९ चे ५३, तर ३८ चे किती? ४१ आणि वर थोडे!