दीड इंच खाली

माझी फियाट पॅलिओ 2002 सालची. 1.6 लिटरचं इंजिन, 100 अश्वशक्ती, आणि जाहिरातीत तेव्हा सचिन. इंजिनात अजून दम आहे. पण वळणावर गाडी अशी कलते की मागं बसलेली आई रामरक्षा सुरू करते. म्हणून ठरवलं, सस्पेन्शन बदलायचं.

आता नागपुरात वळण आहे कुठं, असं कोणी विचारलं तर चूक नाही. वर्धा रोड सरळ. समृद्धीवर शिर्डीपर्यंतच्या 520 किलोमीटरमध्ये झोप येते, वळण येत नाही. उरली सेमिनरी हिल्स. बाकी शहरात स्टिअरिंग फिरवायचं ते गाईसाठी.

तरी महिनाभर रात्री जागून अभ्यास केला. कॉइलओव्हरनं, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडसंचानं, उंची हवी तशी वरखाली करता येते, पण तेवढ्या पैशात आणखी एक पॅलिओ येते. जाड अँटी-रोल बारनं कलणं कमी होतं, पण एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही कळतो, आमच्या बिल्डिंगसारखं. शेवटी गाडी दीड इंच खाली आणणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगा मागवल्या. चार. बायकोला सांगितलं, जुन्या तुटल्या.

स्प्रिंगा पाहून गॅरेजमधला उस्ताद म्हणाला, "भाऊ, हे काऊन आणलं?"

त्यानं बोनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन सोडला. शॉकअप धड असला तर गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. माझी तीनदा डोलली, जणू त्याच्या म्हणण्याला रुकार देत होती. मग खाली शिरून त्यानं चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशाला टॉमी, म्हणजे पहार, लावली. वीसेक नागपुरी उन्हाळे खाल्लेलं ते रबर, आजीच्या टाचेसारखं भेगाळलेलं.

"आधी हे बदला. कडक स्प्रिंग लावली तं या मेलेल्या शॉकअपची माती होईन. अन् तुमच्या गल्लीतला ब्रेकर पाहिला का?"

रविवारी सकाळी टेप घेऊन रस्त्यात उकिडवा बसलो. नियमाप्रमाणे ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आमचा, सिमेंट रोडच्या उरलेल्या मालातून रातोरात उगवलेला, 14 सेंटिमीटर उंच आणि जेवायच्या पाटाएवढा रुंद. शेजारचे काका गेटवरून ओरडले, "काय बे, महापालिकेत लागला का?"

मग मुकाट्यानं कंपनीच्या मापाचे शॉकअप, नवे बुश, लिंक रॉड, आणि शेवटी अलाइनमेंट. उंची जिथल्या तिथं. सेमिनरी हिल्सच्या वळणावर गाडी रस्त्याला धरून राहिली. अभ्यास केला होता तो सगळा स्प्रिंगांचा, आणि खोट निघाली ती तळहाताएवढ्या रबरात! आरशात पाहिलं, तर आईचे ओठ मिटलेले.

"आज हळू चालवून राहिला का रे?" तिनं विचारलं. काटा नेहमीच्याच चाळिसावर होता.

नव्या स्प्रिंगा दिवाणाखाली लपवल्या होत्या. परवा झाडताना बायकोला सापडल्या.

"जुन्या तुटल्या म्हणाले होते ना? मग या कोणत्या?"

"कुंड्या ठेवायला आणल्या," तोंडातून निघून गेलं.

आता गॅलरीत मोगऱ्याच्या चार कुंड्या त्यांच्यावर बसल्यात. सकाळी पाणी घालताना धक्का लागला की बराच वेळ डुलत राहतात. शॉकअप नाही ना.