चंगाई झाली म्हणून शिक्षक खरा?

चर्चमधली उपासना सुटल्यावर फाटकासमोरच्या कट्ट्यावर वाद पेटला तो चंगाई सभेच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेच्या, एका हँडबिलावरून. भाऊ सभेच्या बाजूचा. "माणसं बरी होतात, उभं राहून साक्ष देतात. आणखी काय पुरावा पाहिजे?"

संडे स्कूल घेणारे मास्तर म्हणाले, "बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १३ वा अध्याय काढ. तिथल्या संदेष्ट्यानं, म्हणजे देवाचा निरोप आणलाय म्हणणाऱ्यानं, सांगितलेलं चिन्ह खरं ठरतं, तरी मोशे बजावतो की त्याचं ऐकू नका, कारण तो तुम्हाला दुसऱ्या देवांकडे नेतोय. अध्याय १८ मध्ये दुसरी बाजू आहे. परमेश्वराच्या नावानं सांगितलेलं घडलं नाही, तर ते त्याचं नव्हतंच. म्हणजे भाकीत फसलं तर माणूस खोटा ठरतो, पण खरं झालं म्हणून लगेच खरा ठरत नाही. आधी बघायचं तो कोणत्या ख्रिस्ताकडे नेतो ते. योहानानं पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तीच कसोटी दिलीय."

"पण 'दोष काढू नका' हे मत्तय ७ मध्येच आहे ना?"

"आहे, पहिल्याच वचनात. आणि पंधराव्यात मेंढरांच्या वेषातले लांडगे, म्हणजे खोटे संदेष्टे आहेत. पुढे बाविसाव्यात तर 'तुझ्या नावानं भुतं काढली' म्हणणारेच बाहेर काढले जातात."

ताईंनी हँडबिल हातात घेतलं. वर ठळक अक्षरांत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, देवाच्या मनातल्या हिताच्या संकल्पांचं वचन. खाली आश्वासन : याच वर्षी कर्ज फिटेल.

"हे वचन छापणाऱ्यानं आधीचा अध्याय वाचलाय का?" ताई म्हणाल्या. "अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाच्या सत्तेचं जू मोडेल, मंदिरातून लुटलेली पात्रं परत येतील. लोकांना हवं तेच. यिर्मया आधी काय म्हणतो? 'आमेन, परमेश्वर तसं करो.' त्यालाही तेच हवं होतं! पण यिर्मयानं त्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्यानं मोडलं, तेव्हा देवाकडून निरोप आला की आता लोखंडी जू येईल. हनन्या त्याच वर्षी वारला. मग एकोणतिसाव्यात बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाचं पत्र जातं : घरं बांधा, मळे लावा, परतायला ७० वर्षं लागतील, आणि तुमच्यातल्या संदेष्ट्यांना भुलू नका. त्या ७० वर्षांच्या लगेच पुढचं वचन हे. झटपट सुटकेचं आश्वासन खोडून काढणाऱ्या पत्रातलं वाक्य उचलून झटपट सुटकेच्या जाहिरातीवर लावलंय."

माझ्या मते वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. खोटी शिकवण बहुतेक वेळा खऱ्या वचनावरच उभी असते, फक्त मागचं-पुढचं कापलेलं असतं.

भाऊ हटला नाही. "देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्यानं निवडलेल्या सेवकाला, हात लावू नये, म्हणून मी गप्प बसतो."

"स्तोत्र १०५ मधलं ते वचन अब्राहामाच्या घराण्याला राजांनी त्रास देऊ नये म्हणून आहे," मास्तर म्हणाले. "दावीदानं अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही, पण झग्याचा काठ कापून, तो दाखवून, तोंडावर जाब विचारला. विचारणं म्हणजे हात उगारणं नव्हे. आणि औषध बंद करा, विश्वास कमी पडतोय, असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठायचं. प्रेषित पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवलं, त्याच्या विश्वासाला बोल लावला नाही. तीमथ्य या सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं."

पैशाचा विषय ताईंनी काढला. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेलं दान पौलानं एकट्याच्या हाती ठेवलं नाही. तीत या सहकाऱ्यासोबत पारखलेले आणखी दोन विश्वासी बांधव पाठवले, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८). 'बारा प्रेषितांची शिकवण' या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत तर थेट नियम आहे : फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. पवित्र आत्म्याच्या नावानं गरजूंसाठी मागितले, तर मात्र त्याला दोष द्यायचा नाही. "आज विचारायचं ते एवढंच : क्यूआर कोड कुणाच्या वैयक्तिक खात्याचा आहे की नोंदणीकृत ट्रस्टचा? पावती मिळते का? हिशेब मंडळीसमोर वाचला जातो का?"

"हीच फूटपट्टी आपल्या पाळकांना लावाल?"

"लावायलाच हवी," मास्तर लगेच म्हणाले. "बिरुया गावच्या लोकांनी तर पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळलं, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालंय. फक्त ऐकीव गोष्टीवर नाही. मंडळीच्या वडिलावर, म्हणजे पुढाऱ्यावर, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घ्यायचा नाही, १ तीमथ्य ५:१९."

"मी सभेला जाणारच. 'आत्म्याला विझवू नका' म्हटलंय."

"जा. त्याच्या पुढेच 'सगळ्याची पारख करा' आहे. वही ने, वचनं उतरून घे, घरी येऊन प्रत्येकाचा आधीचा आणि नंतरचा अध्याय वाच."

"आणि कुणी खरंच बरं झालं तर?"

"तर देवाचे आभार मानू आणि त्याला डॉक्टरकडे पाठवू. येशूनं कुष्ठरोग्याला बरं करून याजकाकडे तपासणीला धाडलं होतं. लेवीय १४ प्रमाणे तो माणूस शुद्ध ठरला तरी आणखी सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहायचा."