तापलेल्या कुत्र्यावर गार पाणी ओतू नये, हा सल्ला चुकीचा का आहे

उन्हाळा सुरू झाला की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तापलेल्या कुत्र्याला बर्फ किंवा गार पाणी दिल्यास त्याच्या जठराला पीळ पडतो, अंगावर गार पाणी ओतल्यास त्याला धक्का बसतो, म्हणून ओला टॉवेल गुंडाळून तडक दवाखाना गाठावा, अंगावरचे केस मुळापासून भादरावेत, आणि कुत्रा उठून उभा राहिला की धोका टळला असे समजावे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी यातील दुसऱ्या सल्ल्याने जनावराचा जीव जाऊ शकतो.

जठर फुगून त्याला पीळ पडणे हा खरा आणि जीवघेणा आजार आहे, परंतु त्याचा पाण्याच्या गारव्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. खोल छातीच्या मोठ्या जाती, वाढते वय, घाईघाईने खाणे आणि दिवसाचे सारे अन्न एकाच वेळी देणे ही त्याची ज्ञात कारणे आहेत. धापा टाकणारा कुत्रा एका दमात भरपूर पाणी पिऊ लागला, तर ते थोडे थोडे द्यावे, एवढीच काळजी पुरेशी आहे.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ, नाक आणि श्वासमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून बाहेर टाकतो. हवा दमट असली किंवा पग, बुलडॉग यांच्याप्रमाणे नाक चपटे असले की ही व्यवस्था अपुरी पडते. एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असणारे तापमान ४१च्या पुढे गेले, तर मेंदू, मूत्रपिंडे आणि आतडी यांना इजा होऊ लागते, आणि ही इजा किती होईल हे शरीर किती वेळ तापलेले राहिले यावर ठरते. गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात व उष्णता आत कोंडते, असा संदेशातील युक्तिवाद आहे. रक्तवाहिन्या काही प्रमाणात आकसतात हे खरे, पण पाणी आणि शरीर यांच्या तापमानातील फरकामुळे निघून जाणारी उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. श्रमाने उष्माघात झालेल्या माणसांनाही याच कारणासाठी गार पाण्यात बसवतात. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ ते २०१८ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी साधारण पाचांतील एकालाच दवाखान्यात नेण्यापूर्वी थंड केले गेल्याचे आढळले. म्हणूनच आज ‘आधी थंड करा, मग न्या’ असा सल्ला दिला जातो.

कुत्रा तरुण, निरोगी आणि शुद्धीवर असेल तर त्याला डोके वर धरून गार पाण्यात बसवावे. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर सतत पाणी ओतून पंखा लावावा. हाताशी असलेले पाणी फार गार नसले, तरी ते कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असले की चालते. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नये. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये. पाणी ओतत असतानाच कोणीतरी पशुवैद्यांना फोन करावा. गुंडाळलेला टॉवेल काही मिनिटांत अंगाइतकाच गरम होतो आणि बाष्पीभवन अडवतो. तो अंगाखाली अंथरला तर हरकत नाही.

केसांविषयी थोडक्यात सांगतो. दुहेरी केसांच्या जातींमध्ये वरचा थर थेट ऊन अडवतो. तो मुळापर्यंत भादरला तर त्वचा भाजते. आतील गळालेली लव विंचरून काढणे अधिक उपयोगाचे असते.

संदेशात मांजरांचा उल्लेखच नाही, याची मला खंत वाटते. कुत्र्याचे धापा टाकणे नेहमीचे असते, पण उन्हात मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले तर ते गंभीर लक्षण समजावे.

आता शेवटचा दावा. उष्माघातानंतर मूत्रपिंडे निकामी होणे किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडणे या गोष्टी काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही उघड होतात. त्यामुळे कुत्रा शेपूट हलवत उभा राहिला तरी त्याच दिवशी त्याची तपासणी करून घ्यावी आणि पुढील काही दिवस लघवी, उलटी व शौचातील रक्त यांकडे लक्ष ठेवावे.