संस्कृतीपेक्षा प्रवेशाची अट महत्त्वाची

अमेरिकेतील डॅनिश आणि बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरील एक लोकसमूह) वंशजांपैकी डॅनिश आज आर्थिकदृष्ट्या पुढे का, याचे कारण लेखात प्रामुख्याने त्यांची मूळ संस्कृती असे दिले आहे. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार १६० एकर जमीन मिळू शकत होती, त्या काळात डॅनिश कुटुंबे आयोवा आणि नेब्रास्कात पोचली आणि पुढे सहकारी दुग्धव्यवसायात स्थिरावली. याउलट नेवाडा व आयडाहोत आलेले बास्क बहुतांशी एकटे तरुण होते, त्यांचे काम दुसऱ्यांची मेंढरे राखण्याचे होते आणि मजुरी कळपाच्या रूपात घेऊन स्वतंत्र होण्याची जी वाट होती, ती १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने जवळपास बंद केली, कारण स्वतःची जमीन नसलेल्या फिरत्या मेंढपाळाला सरकारी कुरणात स्थान उरले नाही. त्याआधी १९२४ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेत येण्यासाठी संपूर्ण स्पेनला वर्षाला केवळ १३१ जागा ठेवल्या होत्या. (डेन्मार्कला २,७८९!)

तरीही बास्क मेंढपाळाचा मुलगा पॉल लॅक्सॉल्ट नेवाडाचा गव्हर्नर आणि पुढे सिनेटर झाला. अर्जेंटिनात तर बास्क लोक लवकर आणि मोठ्या संख्येने गेले, तेथे त्यांच्यातून जमीनदारही निघाले आणि इपोलितो इरिगोयेन यांच्यासारखे राष्ट्राध्यक्षही. शिवाय २००० च्या जनगणनेत स्वतःला बास्क म्हणवणारे जेमतेम ५८ हजार होते, तर डॅनिश १४ लाखांच्या घरात. इतक्या लहान गटाच्या सरासरीवर मोठा निष्कर्ष उभारणे धाडसाचे आहे. निदान एकाच राज्यातील, एकाच पिढीतील वंशजांची तुलना लेखकाने द्यावी.