झेड म्हणजे अमेरिका नव्हे

आपली हरकत थोडक्यात अशी: 'ऑर्गनाइझ', 'रिअलाइझ' यांत झेड लिहिणं ही अमेरिकी टूम आहे, ब्रिटिश वळणाचं इंग्रजी लिहायचं तर एसच हवा, शिवाय लेखात 'ॲनलाइझ'लाही झेड लावला, ही तर उघड चूक.

दुसरं खरं आहे, दुरुस्ती केली आहे. पहिलं मात्र पटत नाही. या शब्दांच्या शेवटचा 'आइझ' (ize) हा प्रत्यय ग्रीकमधून लॅटिनमध्ये झेड घेऊनच गेला. एस आला तो फ्रेंचच्या वाटेने. १८८४ पासून भागाभागाने निघालेला ऑक्सफर्डचा मोठा कोश झेडला पसंती देतो, तो या मुळाकडे बघून. वेबस्टरचा अमेरिकी कोश १८२८चा. इंग्लंडात झेड त्याच्या कितीतरी आधी रुळला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं अधिकृत इंग्रजी नाव पाहा: 'लेबर'मध्ये ब्रिटिश यू, आणि शेजारच्याच 'ऑर्गनायझेशन'मध्ये झेड. अर्थात ब्रिटनमध्ये आज एसच जास्त दिसतो, त्यामुळे आपण एस लिहिलात तर कोणी चूक म्हणणार नाही.

'ॲनलाइझ'चं गोत्र निराळं. त्यातलं शेपूट प्रत्यय नाहीच, ते ग्रीक 'ल्युसिस'मधलं, म्हणजे सोडवणं. मुळातच एस, म्हणून तिथे ऑक्सफर्डही एसच लिहितं. झेड फक्त अमेरिकी. 'पॅरलाइझ'चं तसंच.

'रिव्हाइज', 'सुपरव्हाइज', 'सरप्राइज', 'एक्सरसाइज' यांना एसशिवाय पर्याय नाही, अमेरिकेतसुद्धा. शेपूट काढून मागे अख्खा शब्द उरतो का, हे पाहावं: 'मॉडर्न', 'सिव्हिल' उरतात, तिथे दोन्ही चालतात. कसोटी ढोबळ आहे. 'रेकग्नाइझ'मागे शब्द उरत नाही, तरी झेड चालतो. 'ॲडव्हर्टाइज'मागे उरतो, तरी एसच.

खरी चूक होते ती सरमिसळीची: वर 'रिअलाइझ' झेडने, खाली 'रिअलायझेशन' एसने. ब्रिटिश इंग्रजीवर ठेवलेला स्पेलचेकर सहसा दोन्ही रूपं चालवून घेतो, म्हणून ही भेसळ तो दाखवत नाही. एकगठ्ठा 'रिप्लेस ऑल' तर नकोच; झेडचा एस करताना 'साइझ', 'कॅपसाइझ', 'सिटिझन' आणि 'होरायझन'ही बिघडतात. 'आय' आणि 'झेड' ही जोडी शोधायला टाकावी, एकेक जागा डोळ्यांनी बघून बदलावी. अवतरणं आणि संस्थांची नावं मात्र मुळात असतील तशीच ठेवावीत.