या बेटावर कोण राहतं?

आज दुपारी ताईने एक पीडीएफ पाठवली. भाचीच्या सातव्या वाढदिवसाची. वर मोठ्या अक्षरांत 'ट्रॉपिकल आयलंड थीम' आणि खाली पानंच्या पानं. फुग्यांची कमान, प्लास्टिकचे माड, गुलाबी फ्लेमिंगो, झाडाला लटकणारी माकडं, 'आदिवासी मुखवटे', मुलींना गवताचे घागरे आणि करवंट्यांच्या चोळ्या, मुलग्यांच्या तोंडाला तपकिरी रंग, आणि शेवटी दोन पानं फक्त फोटोच्या कोपऱ्यावर. खाली ताईचा मेसेज, "बघ गं जरा, छान वाटतंय ना?"

नाही वाटत, ताई. अजिबात नाही. फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून इथे लिहितेय. तू वाचशीलच.

तुम्ही सगळे मला ओळखता, त्यामुळे मुलांचा वाढदिवस मुलांसाठी असतो हे तुम्हाला पटवत बसायची गरज नाही. तरीही ती पानं पुन्हा उघडून बघा असं मी ताईला सांगेन. त्यात मुलांनी करायचं काय, तर कमानीखाली उभं राहायचं. मग खुर्चीवर बसायचं. मग रंग लावून घ्यायचा आणि पुन्हा कमानीखाली उभं राहायचं. सात वर्षांचं मूल आहे ते! शोकेसमधली बाहुली नाही.

मागे एका ओळखीच्यांकडे असाच बेटाचा वाढदिवस होता. हॉलच्या मधोमध मोठ्या ट्रेमध्ये खरी वाळू, तिच्यात शंख, शिंपले, एक छोटी होडी. बघताक्षणी हात घालावासा वाटेल असं सगळं. आणि भोवती दोरी. मुलं दोरीबाहेर रांगेत. त्यातली एक छोटी, पाचेक वर्षांची असेल, तिथे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला विचारत होती, "काका, या बेटावर कोण राहतं?" तो म्हणाला, "कोणी नाही गं राहत. फोटोसाठी आहे ते. सरक जरा."

तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. किती चांगला प्रश्न होता! हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. कासव राहतं. आपलं शंखाचं घर पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा राहतो, आणि अंगाने वाढला की मोठा रिकामा शंख शोधून त्यात राहायला जातो. माणसं राहतात, मुलं राहतात, तुझ्याएवढी. काहीही सांगा. पण 'कोणी नाही' म्हणू नका.

आता त्या तपकिरी रंगाबद्दल. यावर मला शांतपणे लिहिता येणार नाही. गोऱ्यागोमट्या मुलाच्या तोंडाला सावळा रंग फासून त्याला 'बेटावरचा जंगली' म्हणायचं, आणि वर्गातलं जे मूल मुळातच सावळं आहे त्याने ते बघत उभं राहायचं? त्या मुलाला काय वाटेल याचा विचार ती पानं बनवणाऱ्याच्या मनात एकदाही आला नसेल? आणि सात वर्षांच्या मुलींना करवंट्यांच्या चोळ्या! कोणाला बघायच्या आहेत त्या? मला याची दुसरी बाजू ऐकायचीसुद्धा नाही. ज्यांना यात गंमत वाटते त्यांनी कमेंटमध्ये येऊ नका.

ते मुखवटेही तसेच. टिकी म्हणून जे दात विचकलेले चेहरे विकतात, ते प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरच्या लोकांच्या देवांच्या आणि पूर्वजांच्या कोरीव मूर्तींची नक्कल आहेत. न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्या कथांमध्ये टिकी हा पहिला माणूस. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या दारूच्या बारमालकांनी ते चेहरे सजावटीला उचलले, आणि तिथून फिरत फिरत ते आता मुलांच्या केकवर आले. कोणाच्या तरी आजोबा-पणजोबांचे चेहरे आहेत ते. भुतं नाहीत.

आणि गवताचा घागरा म्हणजे हवाई, हे कोणी ठरवलं? हवाई बेटांवर पूर्वी झाडाच्या सालीपासून बनवलेलं कापड नेसून हुला नावाचा नाच करत, टी नावाच्या झाडाच्या हिरव्या पानांचे घागरेही असतात. सुक्या गवताचे घागरे तिथे गेले ते गिल्बर्ट बेटांवरून मजुरीला आलेल्या लोकांबरोबर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हुला म्हणजे नुसती कंबर हलवणंही नाही. हात गोष्ट सांगतात. पाऊस आला, लाट आली, राजा आला, असं. 1830 मध्ये राणी काआहुमानूने त्या नाचावर सार्वजनिक बंदी घातली, आणि राजा कलाकौआने 1883 मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकाला तो पुन्हा सगळ्यांसमोर नाचवला. बंदी असतानाही लोकांनी तो घराघरांत जपून ठेवला म्हणून तो आज आहे. हे मुलांना सांगा ना! "हातांनी आपापल्या घराची गोष्ट सांगा" एवढंच म्हणा आणि मुलं काय करतात ते बघा. घागरा कशाला लागतो त्याला?

त्या पानांवर लिंबोसुद्धा आहे, काठीखालून वाकून जायचा खेळ. तो त्रिनिदादचा, म्हणजे पार दुसऱ्या महासागरातला, आणि तिथे तो मयताच्या घरी जागरणाच्या रात्री नाचत असत. खेळायला हरकत नाही, मुलांना आवडतो. पण हवाई, त्रिनिदाद, आफ्रिकेतली माकडं आणि फ्लेमिंगो सगळं एकाच पातेल्यात ढवळून त्याला 'आयलंड' म्हणायचं हे मला खटकतं. हवाई बेटांवर मूळचा, जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी सध्या एकच आहे, वटवाघूळ. समुद्रात सील आहे. मुलांना सांगून बघा की या बेटावर मूळचं माकड नाही, वाघ नाही, साप नाही, पण वटवाघूळ आहे. कशी अंगावर चादरी घेऊन हॉलभर उडत सुटतील.

हो, पालकांना वेळ नसतो, तयार सामान बरं पडतं. मान्य.

पण त्या वाढदिवसाला पुढे काय झालं ते ऐका. ती छोटी रांगेतून निघाली आणि भेटवस्तू ठेवल्या होत्या त्या टेबलाखाली जाऊन बसली. टेबलावरून कापड जमिनीपर्यंत सोडलेलं, म्हणजे आत छान अंधार. थोड्या वेळाने तिने केकचं रिकामं खोकं ओढून आत नेलं. मग अजून दोघं गेली. मी वाकून पाहिलं तर म्हणाली, "हे आमचं बेट आहे. येताना काहीतरी आणावं लागतं." मी कागदी रुमाल दिला. तो तिने शीड म्हणून खोक्यात उभा केला. अर्ध्या तासात दोरीपाशी कोणी उरलं नव्हतं. फोटोवाला मुलांना शोधत होता आणि टेबलाखालून खिदळण्याचे आवाज येत होते. मग कुणीतरी आलं, कापड वर केलं आणि सगळ्यांना ओढून बाहेर काढलं, कपडे मळतील म्हणून.

मला तेव्हाही राग आला होता आणि आता लिहितानाही येतोय.

त्या मुलीला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या बेटात हवं ते सगळं होतं. समुद्र ओलांडून यायचं होतं, येणाऱ्याला काम होतं, आणि तिथे कोणीतरी राहत होतं. ताई, मला भाचीसाठी हेच हवंय. निळ्या चादरी, पुठ्ठ्याची खोकी, सुतळी, शिंपले. झालं.

मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी समुद्राचे नकाशे कसे बनवायचे माहीत आहे? नारळाच्या झावळीच्या हिरांचे. हीर एकमेकांना बांधायचे, वाकवलेला हीर म्हणजे बेटाला अडून वळणारी लाट, आणि बेट म्हणजे कवडी. हे नकाशे होडीत न्यायचेच नाहीत. किनाऱ्यावर बसून पाठ करायचे आणि मग दर्यात लाटा अंगाने ओळखायच्या. 1976 मध्ये होकुलेआ नावाची जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली, होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय. वाट दाखवायला मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरचे माउ पियाइलुग होते. तारे, लाटा, पक्षी एवढ्यावर, महिनाभराहून थोड्या जास्त दिवसांत पोचले. मी हे भाचीला मागे सांगितलं होतं, तर ती दोन दिवस पलंगावर डोळे मिटून "लाट डावीकडून आली" म्हणत होती.

म्हणून खेळ असा. हीर नाही मिळाले तर जाड कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक मुलाने आपला नकाशा बांधायचा, शिंपला लावायचा, बेटाला नाव द्यायचं. मग दोघादोघांनी खोक्यात डोळे मिटून बसायचं, मोठ्यांनी चादर एका बाजूने हलवायची, आणि लाट कुठून आली ते ओळखायचं. कोणी बाद होत नाही, बक्षीस नाही. बाद झालेली मुलं भिंतीला टेकून बसलेली मला बघवत नाहीत.

आणि वाळू हवीच. दोरीशिवाय. हॉल झाडायला लागेल, झाडू. बेटांवरची पांढरी वाळू कुठून येते तेही सांगायचंय मला. पॅरटफिश नावाचा मासा चोचीसारख्या दातांनी मेलेलं प्रवाळ खरवडतो, त्यावरचं शेवाळ खातो, प्रवाळाचं पीठ करतो आणि शी करतो. ती शी म्हणजे वाळू. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो करतो. हे ऐकल्यावर एका खोलीतली मुलं किती वेळ हसतात याची मी वाट बघतेय. तो मासा, ते प्रवाळ नसेल तर तशी कितीतरी बेटं उरणार नाहीत, हेही त्यांना हसता हसता कळेल. तुवालूसारख्या देशाची सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रापासून पाचेक मीटरच वर आहे. सात वर्षांच्या मुलांना तेवढं नको, मान्य. भाचीला मी नंतर कधीतरी सांगेन.

फुलांच्या माळा घालूया. कागदाच्या, मुलांनीच ओवलेल्या, दुसऱ्याच्या गळ्यात घालायला. हवाईत 1 मे हा त्या माळांचाच दिवस असतो, 1928 पासून. तिथे कोणी लेई, म्हणजे अशी माळ, घातली तर नाही म्हणत नाहीत, देणाऱ्यासमोर काढून ठेवत नाहीत आणि जुनी झाली तरी कचऱ्यात टाकत नाहीत, मातीला परत देतात. किती गोड आहे हे. शेजारी बसलेल्यासाठी माळ ओवायची, मग तो आवडता मित्र असो नसो.

आता पाण्याबद्दल, आणि इथे मी पुन्हा चिडणार आहे. त्या पानांवर हवेने फुगवायचा 'लगून पूल' आहे आणि त्याच्याकडे बघायला माणूस कोण, ते कुठेच नाही. चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडतं, आणि बुडताना ओरडत नाही. पूल ठेवायचाच असेल तर एका मोठ्या माणसाने फक्त तिथे बसायचं, फोन बाजूला ठेवून, आणि उठायचं असेल तर दुसऱ्याला बसवून उठायचं. सात वर्षांच्या मुलांबरोबर त्यांची दोन-तीन वर्षांची भावंडंही येतात हे लक्षात ठेवा. म्हणूनच पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी नकोत, गिळले तर पोटात फुगून आतडं अडवतात. बॅटरीच्या छोट्या मेणबत्त्या आणायच्या तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणाऱ्याच, कारण बटण सेल घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. द्राक्षं उभी चिरा. यातलं एकही वाक्य त्या देखण्या पानांवर नाही, आणि खरं सांगायचं तर मला सर्वांत जास्त संताप याचा आलाय.

ताई, तुझ्यावर नाही गं. तू दिवसभर ऑफिसात असतेस, रात्री उशिरा जेवतेस, आणि तुला पोरीसाठी काहीतरी सुंदर करायचंय. ते मला दिसतं. कोणीतरी सगळं आयतं करून देतो म्हटल्यावर कोणालाही हायसं वाटेल. त्या पानांतली निळी-हिरवी रंगसंगती चांगली आहे, ती ठेवू. फोटोही काढू, पण मुलं खेळत असताना. टेबलाखालच्या त्या बेटाचा एकही फोटो कोणाकडे नाही याची मला फार हळहळ वाटते.

आमंत्रणात एवढंच घालू: "आमच्या बेटावर येताना काहीतरी घेऊन या. विकत आणलेलं नको." दगड, पान, दोरी, स्वतः काढलेलं चित्र, काहीही चालेल. ते सगळं वाळूत मांडायचं.

तर आता कामाचं. कोणाकडे फ्रिजची, वॉशिंग मशीनची मोठी खोकी असतील तर मोडून रद्दीत टाकू नका, मी येऊन घेऊन जाईन. जुन्या निळ्या चादरी, फाटक्या चालतील. कवड्या-शिंपले घरातले जुने असतील तेच द्या, किनाऱ्यावरून नव्याने गोळा करू नका, त्यात खेकडे राहायला येतात. युकुलेले, म्हणजे ती छोटी गिटार, वाजवणारं कोणी असेल तर प्लीज मेसेज करा. आणि पाण्यापाशी पाळीपाळीने बसायला दोन माणसं हवी आहेत. पहिली पाळी माझी.